‘जगाचा पाठिंबा’ मोजावा कसा : युद्धाच्या बातम्या वाचणाऱ्या सीमाभागातील वाचकांसाठी

एका देशाचे सैन्य दुसऱ्या देशात शिरले की दोन-तीन दिवसांतच आकडे येऊ लागतात. एकीकडून इतक्या देशांचा पाठिंबा असल्याचे सांगितले जाते, तर दुसरीकडून इतके लाख लोक रस्त्यावर उतरल्याचे. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि वाचकाची फसगत होते ती नेमकी तिथेच. कारण पहिला आकडा सरकारांचा असतो, दुसरा माणसांचा, आणि बातमीत मात्र दोन्हींना ‘देश’ असेच म्हटलेले असते. ‘स्पेनने पाठिंबा दिला’ आणि ‘स्पेनने विरोध केला’ ही दोन्ही विधाने २००३ साली, अमेरिकेने इराकवर चढाई केली तेव्हा, एकाच आठवड्यात करता आली असती आणि दोन्ही चुकीची ठरली नसती.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर शंभर वर्षांपासून बेळगावात आहे, आजूबाजूच्या खेड्यांत पेन्शनवर आलेले जवान आहेत, आणि कोणत्या सरकारने कोणत्या युद्धाला हो म्हटले याचा अर्थ शेवटी कोणाच्या घरातला मुलगा कुठे जाणार, हा असतो. आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी वर्तमानपत्रे वाचून झाल्यावर जी चर्चा होते, तिच्यासाठी मी काही वर्षांपूर्वी एक वही सुरू केली. ती कशी ठेवावी आणि तिच्यात काय तपासावे, हे इतर गावांतील वाचकांना उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

वही कशी आखावी

दोनशे पानी फुलस्केप वही घ्यावी आणि समोरासमोरची दोन पाने आडवी धरून रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात देशाचे नाव लिहावे. दुसऱ्यात त्या सरकारने वापरलेला नेमका शब्द तारखेसह उतरवावा, तिसऱ्यात त्या देशाने प्रत्यक्ष काय दिले ते लिहावे. चौथा रकाना तिथल्या संसदेत मतदान झाले का आणि किती मतांनी, यासाठी ठेवावा. पाचव्यात लोकांचे मत काय होते आणि ते कशावरून कळले हे नोंदवावे, आणि सहाव्यात हो म्हटल्याने काय मिळणार होते किंवा नाही म्हटल्याने काय जाणार होते ते. सातवा रकाना सर्वांत रुंद ठेवावा आणि त्याला ‘नंतर काय झाले’ असे नाव द्यावे. नुसती ऐकलेली गोष्ट पेन्सिलीने लिहावी आणि दोन वेगळ्या ठिकाणी पडताळली तरच तिच्यावर पेन फिरवावे. पहिल्या वहीत मी हा नियम पाळला नव्हता, आणि पुढे कोणती नोंद पक्की व कोणती ऐकीव हे माझे मलाच सांगता येईना.

सरावासाठी चालू युद्ध घेऊ नये, कारण त्याचे कागद अजून बंद असतात आणि वाचणाऱ्यांची मने तापलेली असतात. २००३ चे इराक युद्ध घ्यावे. त्याची चौकशी झाली, अहवाल निघाले, संसदांतील मते छापून आली, आणि भारताने त्यात काय केले हेही नोंदवलेले आहे.

आधी शब्द, मग आकडा

सरकारे मोजून मापून बोलतात, आणि बातमी मराठीत येईपर्यंत ते माप बऱ्याचदा सांडून जाते. चिंता, गंभीर चिंता, खेद, निषेध, धिक्कार हे एकाच अर्थाचे शब्द नाहीत. ती चढती शिडी आहे आणि प्रत्येक परराष्ट्र खाते आपण नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत ते ठरवूनच बोलत असते. भारताचेच उदाहरण घ्यावे. ८ एप्रिल २००३ रोजी, म्हणजे बगदाद पडण्याच्या आदल्या दिवशी, लोकसभेने इराकवरील लष्करी कारवाईविरुद्ध एकमताने ठराव केला. त्याच्या हिंदी पाठात ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजी पाठात ‘डिप्लोर’, म्हणजे तीव्र खेद किंवा नापसंती दाखवणारा, ‘कंडेम’पेक्षा एक पायरी खालचा शब्द. विरोधी पक्षांना कडक शब्द हवा होता, वाजपेयी सरकारला सौम्य हवा होता, आणि दोन भाषांनी दोघांचीही सोय केली. मराठीत तर तिसराच घोळ होतो, कारण आपल्याकडे निंदा म्हणजे कोणाच्या पाठीमागे वाईट बोलणे. हिंदीतील ‘निंदा’ला आपला नेमका शब्द ‘निषेध’ आहे.

सीमाभागात याच्या जोडीला कन्नडही येते. कन्नड वर्तमानपत्रात ‘खंडने’ असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ निषेध असतो. मराठीत खंडन करणे म्हणजे मुद्दा खोडून काढणे किंवा आरोप नाकारणे. आमच्या वाचनालयात एका चांगल्या वाचकाने कन्नड बातमी वाचून ‘त्या सरकारने आक्रमणाचे खंडन केले’ अशी नोंद वहीत केली होती, आणि ती वाचणाऱ्याला त्या सरकारने आक्रमण झालेच नाही असे म्हटल्यासारखे वाटले. म्हणून दुसऱ्या रकान्यात शक्य तिथे मूळ भाषेतील शब्द देवनागरीत लिहावा आणि त्याच्यापुढे आपला मराठी शब्द लिहावा.

संयुक्त राष्ट्रांतील मतांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. विरोधात मत देणे, तटस्थ राहणे आणि गैरहजर राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २ मार्च २०२२ रोजी रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावे अशी मागणी करणारा ठराव आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला आणि ३५ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता, चीन होता. हे ३५ देश कोणी रशियाचे समर्थक म्हणून मोजले, कोणी नुसते गप्प बसलेले म्हणून. वहीत त्यांना ‘तटस्थ’च लिहावे आणि कारण माहीत असेल तर सहाव्या रकान्यात लिहावे. त्या दिवसांत कर्नाटकातले अनेक वैद्यकीय विद्यार्थी युक्रेनच्या तळघरांत अडकून पडलेले होते, हे त्या रकान्यात आपल्याला विसरता येणार नाही.

यादीतील देशाने काय दिले

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने आपल्या बाजूच्या देशांना ‘इच्छुकांची आघाडी’ असे नाव दिले. १८ मार्चला परराष्ट्र खात्याने तीस नावे जाहीर केली आणि आणखी पंधरा देश पाठीशी आहेत, पण त्यांना नाव सांगायचे नाही, असेही सांगितले. महिनाअखेरीस व्हाइट हाउसच्या यादीत ४९ देश होते. हा आकडा मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा सभेतले एक निवृत्त हवालदार म्हणाले, “सह्या ऱ्हाऊं देत हो सर, पोरं कुणाची गेली ते सांगा की.” तिसरा रकाना त्या वाक्यातून आला.

तो रकाना भरला की चित्र पार बदलते. आक्रमणात प्रत्यक्ष उतरलेले मोठे सैन्य अमेरिकेचे होते. ब्रिटनचे सुमारे ४५ हजार, ऑस्ट्रेलियाचे सुमारे दोन हजार आणि पोलंडचे दोनशेच्या आसपास. यादीत आइसलँड होते, पलाऊ होते, मार्शल बेटे होती, मायक्रोनेशिया होते, ज्यांच्याकडे स्वतःचे सैन्यच नाही. कोस्टारिकाचेही नाव होते, जिथे १९४८ पासून सैन्य नाही. तिथल्या काही नागरिकांनी, त्यांत कायद्याचा एक विद्यार्थीही होता, न्यायालयात दाद मागितली, आणि सप्टेंबर २००४ मध्ये घटनापीठाने सरकारचा पाठिंबा घटनाबाह्य ठरवला. मग अमेरिकेला ते नाव यादीतून काढावे लागले. नेदरलँड्सच्या सरकारने राजकीय पाठिंबा दिला, पण आक्रमणासाठी सैन्य दिले नाही. असे देश बाद करावेत असे मी म्हणत नाही. तळ देणे, आकाशमार्ग मोकळा करणे, पैसा देणे, नाव देणे, या सगळ्यांना किंमत आहे. पण ती वेगवेगळी आहे, आणि ४९ ही बेरीज ती सारी एकाच भावाने मोजते.

मागील युद्धाशी ताडून पाहण्याची सवयही ठेवावी. २९ नोव्हेंबर १९९० रोजी सुरक्षा परिषदेने कुवेतमधून इराकला हटवण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची परवानगी १२ विरुद्ध २ मतांनी दिली होती. क्युबा आणि येमेन विरोधात गेले, चीन तटस्थ राहिला. त्या मतानंतर येमेनची अमेरिकी मदत कापली गेली. सहावा रकाना का ठेवला, हे या एका नोंदीवरून कळते. २००३ मध्ये अशी परवानगी नव्हती. ८ नोव्हेंबर २००२ चा ठराव क्रमांक १४४१ पंधरा विरुद्ध शून्य मतांनी झाला खरा, पण त्यात ‘गंभीर परिणाम’ होतील असा इशारा होता, बळ वापरण्याची स्पष्ट मुभा नव्हती. मी स्वतः सुरुवातीला ते पंधरा देश युद्धाच्या बाजूने धरले होते, आणि ती चूक बरेच दिवस तशीच राहिली. पुढे अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी दुसऱ्या ठरावाचा मसुदा आणला. अंगोला, कॅमेरून, चिली, गिनी, मेक्सिको आणि पाकिस्तान या सहा देशांच्या मनधरण्या झाल्या. फ्रान्सने नकाराधिकार वापरण्याची तयारी दाखवली. आणि १७ मार्चला मसुदा मतदानाला न टाकताच मागे घेतला गेला. न झालेले मतदानही नोंदवावे. हाती पुरेशी मते असती तर ते मागे घेण्याची वेळ सहसा आली नसती.

संसद, चाचणी आणि रस्ता

लोकांचे मत कळण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींत खाचखळगे आहेत.

संसदेतील मत सर्वांत पक्के, कारण त्याखाली नावे असतात. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात १८ मार्च २००३ रोजी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता मिळाली. पण त्याच दिवशी ‘युद्धाचे कारण अजून सिद्ध झालेले नाही’ असे म्हणणाऱ्या दुरुस्तीला २१७ मते पडली आणि त्यांत सत्ताधारी मजूर पक्षाचेच १३९ सदस्य होते. नुसता पहिला आकडा लिहिला तर हे बंड दिसत नाही. तुर्कस्तानचे उदाहरण तर वहीतले माझे सर्वांत आवडते पान आहे. अमेरिकेला आपले सुमारे ६२ हजार सैनिक तिथून उत्तर इराकमध्ये उतरवायचे होते, बदल्यात सहा अब्ज डॉलरचे अनुदान आणि वर मोठी कर्जे देऊ केली होती, आणि सरकार राजी होते. लोक प्रचंड बहुसंख्येने विरोधात होते. १ मार्च २००३ रोजी अंकाराच्या रस्त्यांवर मोर्चा चालू असताना संसदेत २६४ मते बाजूने पडली, २५० विरोधात, १९ सदस्य तटस्थ राहिले. हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट होती, ती तीन मतांनी हुकली आणि सैन्याला वाट मिळाली नाही. जास्त मते मिळूनही ठराव पडतो हे सभेत समजावून सांगायला अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास सत्कारणी लागतो.

जनमत चाचणीत टक्क्याआधी प्रश्न वाचावा. ‘संयुक्त राष्ट्रांची मान्यता असेल तर’ आणि ‘मान्यता नसली तरी’ या दोन प्रश्नांना ब्रिटनमधील त्याच लोकांनी अगदी निराळी उत्तरे दिली होती. मग तारीख पाहावी. बॉम्ब पडण्याच्या आधीची चाचणी आणि नंतरची चाचणी एका ओळीत लिहू नये. आपली मुले आघाडीवर गेली की घरचे लोक सरकारला नाही म्हणायला कचरतात, आणि हे सैनिकांच्या गावात राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेत युद्धाच्या पहिल्या आठवड्यात गॅलपच्या चाचणीत ७२ टक्के लोक बाजूने होते. स्पेनमध्ये मात्र सरकारी समाजशास्त्रीय संस्थेच्याच फेब्रुवारीतील चाचणीत सुमारे ९१ टक्के लोक विरोधात निघाले, आणि तरीही पंतप्रधान आझ्नार १६ मार्चला अझोर्स बेटांवर अमेरिकेचे बुश आणि ब्रिटनचे ब्लेअर यांच्या शेजारी उभे राहिले.

मोर्चाच्या आकड्याबद्दल सीमाभागातील माणसाला शिकवण्याची गरज नाही. मेळाव्याला किती लोक आले हे संयोजक एक सांगतात, पोलीस एक सांगतात, मराठी पत्र एक छापते आणि कन्नड पत्र दुसरे, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभर सुमारे सहाशे शहरांत निदर्शने झाली. एकट्या लंडनमध्ये पोलिसांनी साडेसात लाख लोक धरले आणि संयोजकांनी वीस लाखांच्या आसपास. वहीत दोन्ही आकडे लिहावेत, पुढे कोणी सांगितले ते लिहावे, आणि मधला आकडा स्वतः काढू नये. त्यापेक्षा कोण आले हे पाहणे अधिक बोलके असते. नेहमीचे कार्यकर्ते होते की आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चालणारी माणसे होती, गाव कोणते, पक्ष किती, सैनिकांचे कुटुंबीय होते का, हे वृत्तान्तात बहुधा सापडते.

जिथे बोलण्याची शिक्षा आहे

काही देशांत पाचवा रकाना कोराच ठेवावा लागतो. ४ मार्च २०२२ रोजी रशियात असा कायदा झाला की सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यानंतर दारावर आलेल्या किंवा फोन केलेल्या अनोळखी माणसाला ‘तुमचा पाठिंबा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देणारा काय उत्तर देईल, याचा विचार करून मगच तिथल्या चाचणीचे टक्के लिहावेत. अशा ठिकाणी संख्येपेक्षा जोखीम मोजावी. सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्यानंतर २५ ऑगस्ट १९६८ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात आठ माणसे फलक घेऊन बसली आणि काही मिनिटांतच पकडली गेली. लंडनच्या लाखांपुढे आठ ही संख्या काहीच नाही. पण त्यांची नोंद मी एका ओळीत केलेली नाही, तिला पूर्ण पान दिले आहे.

आपल्या दारातली नोंद

येथवर आलेल्या वाचकाने एक कठीण गोष्ट करावी, ती म्हणजे हेच रकाने आपल्या बाजूलाही लावावेत.

पहिले पान मेसोपोटेमियाचे असावे. पहिल्या महायुद्धात जे सैन्य आजच्या इराकमध्ये उतरले, त्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या उपाशी लढल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांची फौज तुर्कांच्या कैदेत गेली. ‘भारताने दिलेला पाठिंबा’ म्हणून त्यांचा उल्लेख होतो, परंतु चौथ्या आणि पाचव्या रकान्यात लिहायला काहीच नाही. या लोकांना कोणी विचारलेच नव्हते. त्या पलटणींच्या शौर्याला यामुळे कमीपणा येत नाही. शौर्य जवानाचे आणि निर्णय सरकारचा, हे दोन रकाने वेगळे ठेवता आले पाहिजेत. २००३ मध्ये जेव्हा अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सुमारे एक डिव्हिजन सैन्य मागितले, तेव्हा १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना ते पाठवण्यास नकार दिला. ही नोंद मी मुद्दाम कुतच्या समोरच्या पानावर केली आहे.

दुसरे पान गोव्याचे. डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑपरेशन विजय’ची जमवाजमव बेळगावातच झाली. आपल्या आजोबांच्या पिढीने त्या गाड्या अनमोडच्या घाटाकडे जाताना पाहिल्या. आपण तिला गोवामुक्ती म्हणतो आणि मीही तसेच म्हणतो. पण १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला तेव्हा त्याच्या बाजूने ७ मते पडली, विरोधात ४, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. भारताच्या बाजूने सोव्हिएत संघ, सिलोन (आजचे श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) उभे राहिले. नुसत्या मोजणीने पाहिले तर आपण हरलो होतो. येथे सहावा रकाना काळजीपूर्वक भरावा लागतो: बाजूने कोण उभे राहिले, त्यांपैकी किती देश स्वतः वसाहतीतून सुटलेले होते, विरोधात गेलेल्यांत पोर्तुगालचे लष्करी मित्र किती होते. वसाहत हेच चालू असलेले आक्रमण आहे, हा भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचा युक्तिवादही उतरवावा, आणि त्याखाली अमेरिकेचा आक्षेपही. पाचव्या रकान्यात गोव्यातील लोकांचे मत कशावरून कळले, हे लिहिताना १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज गोळीबाराला बळी पडलेल्यांची नोंद करावी. पोर्तुगालमधील लोकांचे मत मात्र कोरे सोडावे, कारण हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत ते मोकळेपणाने सांगण्याची सोय नव्हती. हे पान भरताना आमच्या सभेत आवाज चढले होते. एका ज्येष्ठांना या नोंदी एकाच वहीत असणेच मान्य नव्हते. इराक आणि गोवा सारखे नाहीत, हे माझेही मत आहे. पण ते सारखे नाहीत हे त्याच रकान्यांतून दाखवता आले, तरच ते दुसऱ्या कोणाला पटेल.

शेवटचा रकाना

‘नंतर काय झाले’ हा रकाना लवकर भरत नाही. स्पेनमधील सरकार मार्च २००४ च्या निवडणुकीत, माद्रिदमधील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर तीन दिवसांनी, पडले आणि नव्या सरकारने सैन्य परत आणले. सामूहिक संहाराच्या ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध पुकारले होते त्यांचे साठे इराकमध्ये नव्हते, असे अमेरिकेच्याच पाहणी पथकाने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितले. आक्रमणाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता, असा निष्कर्ष नेदरलँड्समधील चौकशी समितीने जानेवारी २०१० मध्ये दिला. ब्रिटनमधील चौकशीचा चिलकॉट अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला आणि शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्धाचा निर्णय घेतला गेला, असे त्यात नोंदवले गेले. पहिल्या बॉम्बपासून त्या अहवालापर्यंत तेरा वर्षे गेली. म्हणून प्रत्येक युद्धाच्या नोंदीनंतर किमान चार पाने कोरी सोडावीत, त्यांवर युद्धाचे नाव आधीच लिहून ठेवावे, आणि वही वाचनालयाच्या कपाटात, वाचनालय चालवणारे बदलले तरी सापडेल अशा जागी ठेवावी.